अंगावरचा काटा आणि प्रेशरची गोळी

(शताब्दी सप्ताहात चौथ्या दिवशी दुपारी मंडपात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून घेतलं आहे.)





मंडळींनी आम्हाला सांगितलं की महाराज, तुमचं कीर्तन रात्री ठेवलंच आहे, पण दुपारी अर्धा तास दिंडीच्या तब्येतीवर बोला. आम्ही म्हटलं, बावा, आम्ही चौथी शिकलेलो, सोयाबीन-तुरीवाले. तब्येतीवर डॉक्टर बोलतील. तर ते म्हणाले, मागच्या सप्ताहात विणेकरी बाबांचं जे झालं ते तुम्ही सांगा. अर्ध्या लोकांना ते अर्धं माहीत आहे आणि राहिलेल्या अर्ध्यांना भलतंच माहीत आहे. ही गोष्ट खरी आहे. मेडशीपासून पार रिसोडपर्यंत बाबांच्या नावानं काय काय गोष्टी फिरून राहिल्या, त्या आमच्याही कानावर आल्या. बाबा तिथं खांबाला टेकून बसले आहेत. त्यांना विचारूनच बोलतो आहोत.

कीर्तनकाराचं निम्मं शिक्षण कानानं होतं. आज जे सांगणार ते आम्ही दोघांकडून ऐकलं. एक, आपल्या दिंडीत दर वर्षी चालणारे, नोकरीतून मोकळे झालेले डॉक्टर. माझं नाव घेऊ नका अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून घेत नाही. दुसरी आमची नात, ती औषधाचं शिकते. गोळ्यांच्या डबीत तो पातळ कागद येतो ना, घडीवर घडी घातलेला, ज्याच्यात आपले काही माळकरी चोरून तंबाखूची पुडी बांधतात, तो कागद ती अक्षर न् अक्षर वाचते अन् आम्हाला मराठीत सांगते.

आता मुद्द्यावर येतो. सप्ताहात विण्याचा पहारा असतो हे तुम्हाला सांगायला नको. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकानं पाया पडून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. पहारेकरी उभा. बाबांचं वय सत्त्याहत्तर, आणि पहाटेचा पहारा त्यांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा होता. शंभर वर्षांतली साठ-सत्तर वर्षं तो पहारा त्या एका घरात आहे.

मागच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक, जीभ जड. वीणा गळ्यात होती म्हणून दोघांनी धावत जाऊन पहिले वीणा धरली, मग बाबांना धरलं. आणि धरलं ते उभंच धरलं. दोन बगलांतून दोन पोरं. नाव चालू ठेवा म्हणून टाळ जोरात सुरू.

इथं जरा थांबतो. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला सगळ्यात पहिले हेच सांगितलं, आणि हे एवढं एक जरी तुम्ही घरी घेऊन गेलात तरी पुष्कळ. माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा लिटरच्या वर रक्त पोटात अन् पायात उतरतं. अर्धा लिटर म्हणजे दुधाची एक पिशवी. तरण्या माणसाच्या शिरा लगेच आवळतात, काळीज दोन ठोके जास्त मारतं, आणि रक्त परत डोक्याकडं चढतं. म्हाताऱ्याच्या, जुन्या साखरेवाल्याच्या, उपाशी माणसाच्या शिरा उशिरा आवळतात. तेवढ्या वेळात डोक्याला रक्त कमी पडतं. उभं झाल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला, तर त्याला उभ्याचं लो प्रेशर म्हणतात. मेंदू काय करतो? माणसाला पाडतो. पडला की डोकं अन् काळीज एका पातळीत येतात आणि रक्त आपोआप पोचतं. देवानं केलेली सोय आहे ती. आणि आपण काय करतो, त्याला बगलेत धरून उभा ठेवतो! म्हणून भोवळ आलेल्याला आडवा करा, पाय उचलून धरा, गर्दी हटवा. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घाला, पहारा काही मोडत नाही.

दुसरं असं की नुसतं खांबासारखं उभं राहणं वाईट. पोटऱ्या हलल्या की त्या रक्ताला वर ढकलतात, मोट ओढावी तशा. आपल्या जुन्या लोकांनी पावली काहून लावली असेल ते आम्हाला माहीत नाही, देवापुढं नाचायची हौस म्हणूनच लावली असेल, पण पावली टाकणाऱ्याला भोवळ येत नाही अन् पुतळ्यासारखा उभा राहणाऱ्याला येते, हे आम्ही चाळीस वर्षं पाहत आलो.

बाबांना घरच्यांनी एका दवाखान्यात नेलं. कोणत्या ते सांगत नाही, त्यात काही अर्थ नाही. तिथं प्रेशर मोजलं, वरचा आकडा नव्वदच्या खाली. लो बीपी म्हणून गोळी दिली, दिवसातून तीन वेळा. चिठ्ठीवर एक-एक-एक. म्हणजे सकाळ, दुपार अन् रात्री जेवण झाल्यावर. आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कोणी विचारलं नाही, ही गोळी कशी घ्यायची हे कोणी सांगितलं नाही. गर्दी होती म्हणतात. असेल.

त्या गोळीचं नाव मिडोड्रिन. अमेरिकेत १९९६ साली तिला परवानगी मिळाली, आपल्याकडंही मिळते. ती शिरा आवळते. बस एवढंच तिचं काम. तासाभरात चढते, दोन-तीन तास जोर राहतो. आता गंमत पाहा. शिरांना आवळा म्हणून सांगणारं जे बटण असतं, तसंच बटण केसांच्या मुळाशी असतं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू आहे, तो आवळला की केस उभा राहतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच लोकांना डोक्याच्या कातडीत मुंग्या चालल्यासारखं होतं, खाज सुटते, हुडहुडी भरते, अंगावर सर्रकन काटा येतो. लोक म्हणतात मेंदूवर परिणाम झाला. मेंदूत ती गोळी फारशी शिरतच नाही. जे होतं ते कातडीतल्या नसांत अन् केसांच्या मुळाशी होतं. त्यानं बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण हे ज्याला माहीत नाही, त्याची अन् त्याच्या घरच्यांची काय गत होते ते ऐका.

बाबा दुसऱ्याच दिवशी परत पहाऱ्याला उभे. ऐकतात कुठं! आणि नामाचा गजर चढला अन् बाबांच्या दंडावर काटा. मानेवर काटा. हात थरथर. बाबा म्हणाले, डोक्यावरून कोणी मोरपीस फिरवल्यासारखं होऊन राह्यलं. झालं! मंडपात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष म्हणे, बाबांना अष्टसात्त्विक भाव आले. माय-माउल्या पाया पडायला लागल्या. संध्याकाळपर्यंत बाबांपुढं नारळांचा ढीग. दुसरा पक्ष म्हणे, ही करणी आहे, विण्यावर कोणाची तरी नजर, जाणत्याला दाखवा. माळेगावकडचा एक जाणता आणायला गाडीसुद्धा निघाली होती, ती आम्ही फाट्यावरून परत बोलावली. तिसरा पक्ष पोरांचा. ते म्हणे, बुढा नाटक करून राह्यला. आम्हाला सगळ्यात जास्त राग आला तो ह्या तिसऱ्यांचा. पहिले दोघं निदान त्रास खरा आहे असं तरी मानत होते.

आणि बाबा काय म्हणत होते हे कोणीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, मंडप रिकामा असताना, ते आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, तुम्ही पोथी सांगता. हा काटा खरा का खोटा?"

भाव आठ आहेत. स्तंभ, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. आम्ही हे आठ भाव कीर्तनात शंभर वेळा सांगितले असतील. आता डॉक्टरांची भोवळीची लक्षणं त्याच्या शेजारी ठेवा. घाम, रंग उडणं, कंप, जीभ जड, शुद्ध जाणं. आठातले पाच-सहा तेच! शरीराकडं वाजवायला एवढीच भांडी आहेत. भक्ती आली तरी तीच वाजतात, भीती आली तरी तीच, रक्त कमी पडलं तरी तीच.

गीतेत पाहा ना. अर्जुनाच्या अंगावर काटा दोनदा येतो. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून येतो, तो आपण सगळे सांगतो, माउलींनीही त्या भावांचं वर्णन तिथं काय सुंदर केलं आहे. पण पहिल्या अध्यायातही येतो. तिथं तो विषादानं आलेला आहे. तोंड कोरडं पडलं, अंग कापलं, काटा आला, हातातून धनुष्य गळालं, उभं राहवत नाही, मन गरगरतं. आम्ही हे घरी सांगत होतो तेव्हा आमची नात म्हणाली, "आबा, अर्जुनाचं प्रेशर पाह्यलं होतं का कोणी?" आम्ही हसलो, पण पोरीचं बोलणं मनात राहिलं. काटा एकच. पहिल्या अध्यायात त्याचा अर्थ एक, अकराव्यात दुसरा. नुसत्या काट्यावरून अध्याय ओळखता येत नाही, मागचं-पुढचं पाहावं लागतं.

म्हणून आम्ही बाबांना मागचं-पुढचं विचारलं. काटा कधी येतो? बाबा हुशार माणूस, त्यांनी हिशोब केला. म्हणाले, "नऊ वाजता गोळी, दहाला काटा. एकला गोळी, दोनला काटा. रात्री आठला गोळी, नवाला काटा." मग आपणच गप्प झाले. पांडुरंग काही घड्याळ पाहून येत नाही. ते त्यांना कळलं, आम्हाला बोलावं लागलं नाही.

श्रोतेहो, त्या वेळचा बाबांचा चेहरा आम्ही विसरलो नाही. लोकांना वाटलं असेल, बरं झालं, भानगड उलगडली. पण बाबा म्हणाले, "पन्नास वर्षं वीणा गळ्यात घेतली महाराज, एकदा काटा नाई आला. आला तं गोळीचा आला." त्याच्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आम्ही त्यांचा हात धरून बसलो. आणि नारळ? ते दुसऱ्या दिवशी प्रसादात गेले.

पण खरं संकट चौथ्या रात्री आलं. ही गोळी उभ्या माणसासाठी आहे. उभ्याचं प्रेशर उतरतं म्हणून शिरा आवळायच्या. माणूस आडवा झाला की रक्त आपसूकच डोक्याकडं येतं, अन् वरून शिरा आवळलेल्या. मग प्रेशर नको तेवढं चढतं. म्हणून ह्या गोळीची शेवटची पाळी झोपायच्या निदान चार तास आधी असावी लागते, आणि गोळी घेऊन सपाट आडवं पडायचं नसतं. कागदावर हे ठळक अक्षरात छापलेलं आहे. बाबा रात्री आठला गोळी खात अन् साडेनऊला घोंगडीवर आडवे होत. पहाटे उठायचं म्हणून लवकर. तीन रात्री निभावल्या. चौथ्या रात्री डोकं फुटायला लागलं, कानात घणघण, छातीत धडधड, डोळ्यांपुढं धूसर. डॉक्टरसाहेब मंडपातच झोपलेले होते. त्यांनी यंत्र लावलं तर वरचा आकडा १९६! नव्वदचा माणूस १९६ वर!

जाणत्या पोरांनी बाबांना पाणी मारलं होतं अन् पाय उचलून धरले होते, कारण दोन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तसंच शिकवलं होतं. डॉक्टर ओरडले, "अरे, उलटं आहे आता! बसवा त्यांना, बसवा!" पाठीला तुरीची पोती लावून बसवलं, पाय खाली सोडले. तोंड वाकडं होतं का, हात उचलता येतो का, बोलणं नीट आहे का, हे दर थोड्या वेळानं पाहत राहिले. कारण एवढ्या प्रेशरनं मेंदूतली शीर फुटू शकते, अर्धांग होऊ शकतो. १०८ ला फोन करून ठेवला. गाडी आली तोवर आकडा उतरायला लागला होता, पण डॉक्टर म्हणाले, न्यायचंच. बाबांना अकोल्याला नेलं. तेव्हा पातूरच्या घाटात गाडीत बसल्या बसल्या बाबा हरिपाठ म्हणत होते, हे आम्ही सोबत होतो म्हणून सांगतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या आणा. बाबांचा मोठा मुलगा थैलीच घेऊन आला. त्यात निघाली लघवीच्या गाठीची गोळी. दोन वर्षांपासून चालू, दुसऱ्या दवाखान्याची. म्हाताऱ्या माणसांना लघवी अडते, त्यासाठी देतात. ती गोळी त्या गाठीजवळचे स्नायू सैल करते, आणि त्याबरोबर शिराही थोड्या सैल करते. म्हणजे उभं झाल्यावर बाबांचं प्रेशर उतरत होतं त्यात ह्या गोळीचा मोठा हात होता. आणि आता लो बीपीची गोळी नेमकं तेच बटण उलटं दाबत होती. तिनं शिरा आवळल्या, आणि लघवीची वाटही आवळली. बाबांना तीन दिवसांपासून लघवी नीट होत नव्हती, ते लाजेनं बोलले नव्हते. एका जुवाला दोन बैल बांधले अन् एक उगवतीकडं ओढतो, एक मावळतीकडं. मधात बाबा.

रक्त तपासलं तर आणखी एक निघालं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व फार कमी. हे आपल्या माळकऱ्यांनी कान देऊन ऐकावं. हे सत्त्व मांस-मच्छी-अंड्यात असतं, दुधा-दह्यात असतं, भाजी-भाकरीत नसतं म्हटलं तरी चालेल. आपण माळ घातली, बाकीचं सोडलं, ते बरोबरच केलं. पण दूध डेअरीला अन् घरात काळा चहा, असं पुष्कळ घरी आहे. हे सत्त्व वर्षानुवर्षं कमी पडलं की नसा खराब होतात. तळपायात झिणझिण्या, पायाखाली कापूस असल्यासारखं, अंधारात तोल जाणं, विसर पडणं, आणि शिरा आवळणाऱ्या नसाच कमजोर झाल्या की उभं झाल्यावर भोवळ. साखरेची मेटफॉर्मिन नावाची गोळी बरीच वर्षं घेतली तरी हे सत्त्व कमी होऊ शकतं. आता फरक लक्षात घ्या. गोळीच्या मुंग्या डोक्यात अन् मानेवर, त्या गोळीच्या वेळेला येतात अन् जातात. ह्या झिणझिण्या पायांपासून सुरू होतात, चोवीस तास असतात आणि हळूहळू वर चढतात. पहिल्या गोळी बदलली की थांबतात. दुसऱ्यांना वेळेवर इंजेक्शन मिळालं तर सुधारतात, फार उशीर केला तर काही कायमच्या राहतात.

बाबांची लघवीची गोळी बदलली, लो बीपीची बंद केली, सत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी केलं. हे ऐकून घरी जाऊन आपापली गोळी कोणी बंद करू नका. कारण गोळी वाईट नाही. आपल्याच दिंडीत एक अक्का आहेत, पंचवीस वर्षांची साखर, नसा गेलेल्या. उठून उभ्या झाल्या की पडत. दोन वर्षं वारी सुटली होती. त्यांना हीच गोळी नीट समजावून दिली. सकाळी निघण्याआधी एक, दुपारी एक, चारच्या आत शेवटची, आणि रात्री उशाकडून खाट वीतभर उंच. डोक्यात मुंग्या त्यांनाही येतात. त्या म्हणतात, "येऊ दे बापा, मुंग्या तं मुंग्या, पंढरी तं दिसली." दुसरी एक गोळी असते, ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. तिनं पायावर सूज येऊ शकते, डोकं दुखू शकतं, आणि रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार उतरला तर मांड्या लुळ्या पडतात, गोळे येतात. तिच्यासाठी मधून मधून रक्त तपासावं लागतं.

प्रेशरच्या गोळीनं मेंदूच धरला अशी खरी गोष्ट पाहायची तर ती हाय प्रेशरच्या गोळीची आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून जगात गेलेली आहे. सर्पगंधेचं मूळ आपले वैद्य पूर्वीपासून वेड लागलेल्यांना अन् झोप नसलेल्यांना देत. कलकत्त्याच्या सेन अन् बोस ह्या दोघांनी १९३१ साली लिहिलं की ह्यानं प्रेशरही उतरतं. मग मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील, यांनी पन्नास रोग्यांना ते देऊन, नीट मोजमाप करून १९४९ साली विलायतेच्या मासिकात छापलं. तेव्हा जग जागं झालं. स्वित्झर्लंडात १९५२ साली त्यातलं सत्त्व वेगळं काढलं, त्याचं नाव रेसरपिन. लाखो लोकांनी खाल्लं. वकीलसाहेबांना अमेरिकेचं मोठं बक्षीस मिळालं १९५७ साली. आणि त्याच वर्षांत तक्रारी यायला लागल्या. नाक चोंदणं ठीक आहे, पण काही रोगी उदास होऊन बसले, काही मरणाच्या गोष्टी करायला लागले, काहींचे हातपाय कंपवातासारखे ताठ झाले. उदासीचा दोष सगळा त्या गोळीचाच का, यावर पुढं डॉक्टरांत वाद झाले, ते होऊ द्या. पण ताठपणा खरा होता. कारण काय, तर मेंदूतल्या नसांत निरोप पोचवणारा माल साठवलेला असतो, कणगीत ज्वारी असते तसा. रेसरपिन त्या कणग्या रिकाम्या करते. प्रेशर उतरतं खरं, पण हलण्या-चालण्याचा, उल्हासाचा मालही उतरतो.

स्वीडनच्या कार्लसन नावाच्या माणसानं हीच गोळी सशांना दिली. ससे गोठल्यासारखे बसले. मग त्यांना एल-डोपा नावाचं सत्त्व दिलं, ससे उठून चालायला लागले. त्यातून कंपवाताचं औषध निघालं, अन् त्याला सन २००० मध्ये नोबेल मिळालं. आणि ते एल-डोपा कशात असतं? आपल्या धुऱ्यावरच्या खाजकुयलीच्या बियांत! जिच्या शेंगेला हात लागला की अंग ओरबाडत आपण घरी पळतो, तिच्या. मुंबईच्या डॉक्टरांनी १९७८ साली कंपवाताच्या रोग्यांना त्या बियांची भुकटी देऊन त्याचं टिपण छापलं. हे ऐकून कोणी धुऱ्यावर जाऊन शेंगा गोळा करू नका. कारण त्याच सत्त्वानं उभ्याचं प्रेशर पडतं, आणि मग परत ती मुंग्यांची गोळी खावी लागते. फिरून गंगावेशीत.

बाबांचं पुढचं विचारता? काटा चार-पाच दिवसांत गेला. भोवळ कमी झाली, संपली असं नाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, "बरं वाटते महाराज. पण डोकं सुनं सुनं वाटते." आम्ही म्हटलं, गोळीची सवय सुटली. ते म्हणाले, "गोळीची नाई." पुढं बोलले नाहीत.

दिंडीच्या कमिटीत वाद झाला. काही म्हणाले, बाबांकडून पहारा काढून घ्या, माणूस पडला तर जबाबदारी कोणाची? आमचं मत होतं की पहारा काढायचा नाही, पहाऱ्याची रीत बदलायची. शंभर वर्षांत आपण बैलगाडीचा ट्रॅक्टर केला, कंदिलाचा जनरेटर केला, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. शेवटी ठरलं ते असं. बाबांचा पहाटेचा पहारा कायम, पण अर्धा तास. पावली टाकत, एका जागी उभं राहायचं नाही. मागं स्टूल, शेजारी त्यांचा नातू. उठायच्या आधी पाच मिनिटं बसून राहायचं, पाय हलवायचे, तांब्याभर पाणी प्यायचं, मग वीणा गळ्यात. अंधारी येते असं वाटलं तर मांडीवर मांडी आवळून, मुठी घट्ट दाबून धरायच्या अन् नातवाला खूण करायची. आज पहाटे त्यांनी तसाच पहारा केला, तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला.

वारीसाठी दोन-चार गोष्टी सांगतो. ज्यांना गोळ्या आहेत त्यांनी एकादशीला कोरडा उपास धरू नये, पाणी, ताक, भगर-आमटी घ्यावी. हाय प्रेशरवाल्यांना लघवी जास्त होणारी गोळी असते, ती उन्हाच्या चालीत कशी घ्यायची ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. सेनगाव-औंढ्याच्या रस्त्यावर विचारू म्हणाल तर तिथं कोण भेटणार? मीठ जास्त खायचं का कमी, हे लो वाल्याचं वेगळं अन् हाय वाल्याचं वेगळं, शेजाऱ्याचं ऐकून खाऊ नका. रात्री लघवीला उठताना एकदम उठू नका, आणि म्हाताऱ्या माणसांनी बसूनच करावी, यात लाज कसली. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे गोळ्यांची उसनवारी. "माह्यं प्रेशर असंच होतं, मले ह्या गोळीनं बरं वाटलं, घे एक." भाकरी उसनी द्या, घोंगडी द्या, गोळी देऊ नका.

या वर्षीपासून प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागं आपण एक कागद घालणार आहोत. त्यावर सगळ्या गोळ्यांची नावं, किती वाजता घेतात ते, आणि घरचा फोन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन यावं, आमची नात अन् तिच्या दोन मैत्रिणी लिहून देतील. लघवीची असो, साखरेची असो, झोपेची असो, काही लपवू नका, पोरींसमोर लाजू नका. प्रेशर मोजायचं यंत्र मंडपाच्या मागं, भटारखान्याच्या अलीकडं लावलं आहे. दोनदा मोजतील, एकदा आडवं करून अन् एकदा उभं करून, तीन मिनिटं थांबावं लागेल. आज संध्याकाळी हरिपाठाच्या आधी सत्तरच्या वरचे, उद्या सकाळी भजनाआधी बाकीचे. बाबांनी आपला कागद सकाळीच भरून घेतला आहे, पहिला नंबर त्यांचा.

राम कृष्ण हरी.